फुकटची भेटवस्तू आणि २५ वर्षांचं ओझं

आज बोलायचंय ते पिशवीत घालून घरी न आणता येणाऱ्या एका खरेदीबद्दल. हॉलिडे क्लबचं सभासदत्व. टाइमशेअर असंही त्याला म्हणतात. तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या लोकांचं, आपला काय संबंध? आम्हीही असंच म्हणत होतो. पण ही गोष्ट आमच्या गटाच्या कर्ज रजिस्टरात येऊन बसली, म्हणून आज सांगतोय.

आमच्या गटातली एक ताई. नाव सांगत नाही, पण तिच्या परवानगीनं बोलतोय. मालक साखर कारखान्यात कामाला, ताईचा मसाल्याचा घरगुती धंदा. लग्नाच्या बस्त्यासाठी दोघं शहरात गेली. दुकानाबाहेर एका मुलानं कूपन भरून घेतलं. आठ दिवसांनी फोन आला, "तुमचा नंबर लागलाय. रविवारी जोडीनं हॉटेलात या, भेटवस्तू घेऊन जा."

हॉलमध्ये चहा-नाश्ता झाला, डोंगरातल्या बंगल्यांचे फोटो दाखवले. तीन तास समजावणं चाललं. शेवटी, "आजच सही केली तरच सूट, उद्या हा भाव नाही." मुलांना कधी फिरवलं नाही, ही खंत प्रत्येक आईच्या मनात असतेच. तिथंच बोट ठेवलं गेलं. दोघांनी सही केली. भेटवस्तू काय, तर कुकर.

आता हे सभासदत्व म्हणजे काय, ते नीट ऐका. आपण खोली विकत घेत नाही. वर्षातले ठरावीक दिवस कंपनीच्या ठिकाणी राहायचा हक्क घेतो, तोही पुढच्या २५ वर्षांसाठी. प्रवास, जेवण आपलं. दिवाळीत आणि मे महिन्यात, म्हणजे मुलांना सुट्टी असते तेव्हा, खोली मिळेलच असं नाही. कारण कमी किमतीच्या सभासदत्वाला बहुधा गर्दीचा हंगाम लागू नसतो. वर दरवर्षी देखभालीचा आकार. तो अनेक करारांत आपण गेलो नाही तरी भरावा लागतो, आणि वाढतही जातो.

ताईचा हिशोब आम्ही बैठकीत फळ्यावर मांडला. सुरुवातीला रोख ३०,००० रुपये. बाकीचे फायनान्स कंपनीकडून, महिना ५,००० प्रमाणे ३६ हप्ते, म्हणजे १,८०,०००. झाले २,१०,०००. देखभाल वर्षाला ९,०००. ती वाढली नाही असं धरलं, तरी २५ वर्षांचे २,२५,०००. एकूण ४,३५,०००. वर्षाला ६ रात्री धरल्या तर १५० रात्री, म्हणजे एका रात्रीला २,९०० रुपये. एक वर्ष आड गेलं तर ५,८०० रुपये. बायका गप्प झाल्या. सही करायच्या आधी हा फळा कुणी दाखवला असता तर?

आणि ते ३०,००० आले कुठून? त्यातले २०,००० गटाचं अंतर्गत कर्ज होतं. मसाला कांडप यंत्रासाठी म्हणून घेतलेलं. खोटं बोललो, या लाजेनं ताई तीन बैठकांना आलीच नाही. आम्ही काय केलं? रजिस्टरात गैरहजर लिहिलं आणि दंड लावला. तिच्या दारात जाऊन "काय झालं गं?" एवढं विचारलं नाही. ही आमची चूक. कारण तिच्या करारात, सही केल्यापासून १० दिवसांत नको म्हटलं तर पैसे परत, असं बारीक अक्षरात होतं. ते दिवस लाजेत गेले.

म्हणून आता बाहेर पडायची वाट सांगतो.

पहिलं, सही होऊन थोडेच दिवस झाले असतील तर आजच करार काढा. रद्द करायची मुदत दिली आहे का, किती दिवसांची, ते बघा. ती करारागणिक वेगळी असते. मुदतीत असाल तर "सभासदत्व रद्द करा, पैसे परत द्या" असं लेखी कळवा. ईमेलनंही आणि पोस्टानंही. पोहोच जपून ठेवा. फोनवर बोललेलं धरू नका.

दुसरं, मुदत गेली असेल तरी गप्प बसू नका. करार, पावत्या, मेसेज, कुणी काय तोंडी कबूल केलं, सगळं तारीखवार लिहा. "तोंडी आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत" असं कलम करारात बहुधा असतंच. म्हणून मेसेजमधला शब्द मोलाचा. मग रद्द करण्याची मागणी आणि किती कपात करणार याचा हिशोब लेखी मागा.

तिसरं, रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. सभासदत्व एका कंपनीचं, कर्ज दुसऱ्या कंपनीचं. हप्ता थकला की सिबिल बिघडतं, पुढं बँकेत तेच आडवं येतं. दिलेला चेक वटला नाही तर कोर्टाचं काम मागं लागू शकतं. कर्ज देणाऱ्या कंपनीलाही वाद लेखी कळवा. तिनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

चौथं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावं लागत नाही. वकील हवाच असं नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. पण तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायला हवं.

पाचवं, दुसऱ्या खड्ड्यापासून सावध. पहिल्यात अडकलेल्याला फोन येतात, "तुमचं सभासदत्व विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी जीएसटी भरा." ताईलाही आला होता. भरायला निघालेले १२,००० रुपये गटातल्या पोरींनी अडवले. पैसे परत मिळवून देण्यासाठी कुणी आधी पैसे मागितले, की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवायचं.

ताईचं काय झालं? खोटी आशा दाखवत नाही. १९१५ वर तक्रार गेल्यावर कंपनीनं सभासदत्व रद्द केलं, देखभालीचा आकार बंद झाला आणि ६०,००० रुपये कर्जात वळते केले. रोख दिलेले ३०,००० गेले. उरलेले हप्ते ती फेडतेय. पण पुढच्या २५ वर्षांचं ओझं उतरलं. गेलेल्या पैशासाठी रडताना पुढं जाणारा पैसा अडवायचा राहतो, तेवढं तिनं होऊ दिलं नाही.

गटानं ठराव केला. तिच्या कर्जाची मुदत वाढवली, व्याज माफ केलं नाही. आणि आणखी एक ठराव झाला. घरात १०,००० रुपयांवरची कुठलीही सही करायची असेल, तर कागद आधी बैठकीत वाचायचा. "आजच सही करा" म्हणणाऱ्याला सांगायचं, "आमची बैठक मंगळवारी असते."

या मंगळवारी तुमच्याही बैठकीत विचारा, कुणाच्या घरी असा कागद पडून आहे का? आणि कुणी तीन बैठका आली नसेल, तर दंड लिहायच्या आधी तिच्या दारात जाऊन या.