पिंपरी ते चाकण : दळणवळण आणि विकासाचा समतोल

एखादा उद्योग कोठे उभा राहावा, हे जमीन, पाणी व वीज यांवर जितके अवलंबून असते, तितकेच मालाची ने-आण करण्याच्या सोयीवरही असते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा याचे बोलके उदाहरण आहे.

भोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि पुणे मुंबई बंदराशी सलग जोडले गेले. हा लोहमार्ग व मुंबई-पुणे रस्ता यांच्या सान्निध्यात, पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर रस्ते, पाणी व वीज यांनी युक्त भूखंड उपलब्ध होऊ लागले. टेल्को, बजाज ऑटो यांसारखे मोठे कारखाने आले. त्यांना सुटे भाग पुरविणारे लघुउद्योग भोसरी परिसरात वाढले. पुढे पुणे-लोणावळा लोकलगाड्यांमुळे मावळातील तरुणांना गाव न सोडता कारखान्यात पाळी करणे शक्य झाले. येथे मालाबरोबर माणसांचीही सोय झाली.

चाकणची वाटचाल वेगळी आहे. पुणे-नाशिक व तळेगाव-शिक्रापूर हे मार्ग येथे एकमेकांस मिळतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि न्हावा-शेवा बंदराकडील प्रवास सुकर झाला. मोटार उद्योगाने चाकणला पसंती दिली. तथापि, चाकणला लोहमार्ग नाही. परिणामी मालमोटारी, कामगारांच्या बसगाड्या, बाजारात कांदा नेणारा शेतकरी आणि शाळकरी मुले एकाच चौकात खोळंबतात.

मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून राज्याने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबविली. परंतु सवलतींच्या जोडीला दळणवळण नसेल, तर उद्योग सोयीच्या ठिकाणीच एकवटतात. शिवाय द्रुतगती मार्गावर ठरावीक ठिकाणांहूनच प्रवेश मिळतो. तो दोन टोके जवळ आणतो, मधली गावे आपोआप जोडत नाही. ती जोडण्याचे काम जोडरस्ते व नियमित बससेवा यांनाच करावे लागते.

म्हणून कारखान्याचा भूखंड आखतानाच गावचा रस्ता, बसथांबा आणि पादचाऱ्यांची वाट यांचाही विचार व्हावयास हवा. ग्रामपंचायतींनी आपल्या विकास आराखड्यात या गरजा वेळीच नोंदविणे अगत्याचे आहे. गावाजवळून रस्ता जाणे आणि रस्ता गावाच्या उपयोगी पडणे, यांतील अंतर अशा नियोजनानेच मिटू शकेल.