ॲक्रिंग्टन स्टॅन्ली : एका फुटबॉल क्लबाचा जमाखर्च

प्रत्येक गावी एखादी तरी बंद पडलेली संस्था असते. कुलूप लागलेले वाचनालय, आखाड्याची माती वाळून गेलेली तालीम, पडदे विकून झालेली नाटक मंडळी. तिच्याविषयी चौकशी केली तर उत्तर बहुधा ठरलेले मिळते : 'दिवस फिरले', किंवा 'पूर्वीची माणसे राहिली नाहीत'. अशा उत्तराने समाधान होते, बोध होत नाही. संस्था मरते म्हणजे नेमके काय होते, ती प्रथम कोठे दुखावते आणि तिचा प्राण कोणत्या क्षणी जातो, हे पाहावयाचे असेल तर जिच्या अखेरीची हकीकत ठाऊक आहे अशी एखादी संस्था घेऊन बसावे लागते. म्हणून आम्ही येथे इंग्लंडातील एका लहान गावच्या फुटबॉल क्लबाची कथा सांगणार आहोत. क्लबाचे नाव ॲक्रिंग्टन स्टॅन्ली. १९६२ साली तो इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडला आणि १९६६ साली विसर्जित झाला.

त्या गावाशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. गाव दूरचे खरे, पण अगदीच परके नव्हे. ॲक्रिंग्टन हे लँकेशायर परगण्यातले, मँचेस्टरच्या उत्तरेस वसलेले, चाळीस हजारांच्या आसपास वस्तीचे गिरणगाव. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तेव्हा तिकडचा कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरचे माग थंडावले. कामगारांच्या घरी चुली पेटेनात. त्याच चार वर्षांत वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. पुढे आपल्याकडील स्वदेशीचा चटका त्या भागाला बसला. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले महात्मा गांधी याच परिसरातल्या डार्वेन गावी जाऊन गिरणीकामगारांना मुद्दाम भेटले होते. तेव्हा एकाच धाग्याचे एक टोक तिकडे होते आणि एक इकडे.

फुटबॉल या गिरणगावांत का रुजला, याचे कारण साधे आहे. १८५० च्या कारखाना कायद्यामुळे कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या. आठवडाभर मागापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला अर्धा दिवस मोकळा मिळाला, आणि त्या अर्ध्या दिवसाला एक चेंडू पुरला. हाताशी थोडा पैसा, पायी जाता येईल इतक्या अंतरावर मैदान आणि पलीकडच्या गावाशी जुनी चुरस, एवढ्या भांडवलावर परगण्यात जागोजाग क्लब निघाले.

ॲक्रिंग्टनचा पहिला क्लब गावाच्याच नावाचा होता. १८८३ साली खेळाडूला पैसे दिल्याचा ठपका ठेवून फुटबॉल असोसिएशनने त्याला बाहेर काढले. पुढे दोनच वर्षांनी, १८८५ साली, पगारी खेळ असोसिएशनला नियमात बसवून घ्यावा लागला, ही गोष्ट वेगळी! १८८८ साली बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. त्या बारांत सहा लँकेशायरचे होते आणि त्या सहांत ॲक्रिंग्टन होता. परंतु १८९३ साली शेफील्ड युनायटेडशी झालेला निर्णायक सामना तो एका गोलाने हरला आणि खालच्या विभागात उतरण्याची पाळी आली. तो मान-अपमान गिळण्यापेक्षा त्याने लीगच सोडली, आणि थोड्याच वर्षांत तो नामशेष झाला. म्हणजे आमच्या कथेतील क्लब मोठा होण्यापूर्वीच गावाने एका क्लबाचे मरण पाहिले होते.

त्याची जागा घेणारा क्लब गावातल्या स्टॅन्ली रस्त्यावरच्या मंडळींनी १८९१ च्या सुमारास काढला. प्रथम त्याचे नाव स्टॅन्ली व्हिला होते. जुना क्लब ढासळल्यावर या मंडळींनी गावाचे नाव आपल्या नावापुढे जोडले आणि 'ॲक्रिंग्टन स्टॅन्ली' हे जोडनाव जन्मास आले. एका आळीची संस्था अशा रीतीने गावाची झाली. मध्यंतरी पहिले महायुद्ध आले. ॲक्रिंग्टन आणि भोवतालच्या गावांतील तरुणांची एक पलटण उभी राहिली होती. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर सेर या खेड्यासमोर पुढे सरलेल्या सुमारे सातशेवीस जणांपैकी ५८४ जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले. हे सर्व काही मिनिटांत घडले. अशा घावानंतर गावाने पुन्हा शनिवारी एकत्र जमू लागावे, याचे मोल निराळे सांगावयास नको. १९१९ साली क्लब पील पार्कच्या मैदानावर गेला आणि १९२१ साली तिसऱ्या विभागाच्या नव्या उत्तर गटात लीगचा सभासद झाला.

येथे लीगची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. ती उतरंडीसारखी आहे. वरच्या विभागात कीर्ती आणि पैसा, खाली उतरत जावे तसतशी दोहोंची ओढाताण. तिसऱ्या विभागाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन गट होते आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला येणारा वर जाई. दुसऱ्याला शाबासकीखेरीज काही मिळत नसे. वॉल्टर गॅलब्रेथ हे व्यवस्थापक असताना स्टॅन्लीचा संघ १९५४-५५ मध्ये दुसरा आला आणि १९५७-५८ मध्येही दुसराच आला. गॅलब्रेथ स्वतः स्कॉटलंडचे. त्यांनी तिकडून इतके खेळाडू आणले की १९५५ साली एकदा मैदानावर उतरलेले अकराच्या अकरा खेळाडू स्कॉटिश होते. ही क्लबाच्या भरभराटीची वर्षे. आमच्या मते रोगाची सुरुवातही याच वर्षांत झाली.

कशी, ते पाहू. लहान क्लबाचा चरितार्थ तीन गोष्टींवर चालतो : दारावरची तिकिटे, तयार केलेला खेळाडू मोठ्या क्लबाला देऊन मिळणारी रक्कम आणि चाहत्यांनी जमवलेला निधी. यांतले एकही उत्पन्न बांधलेले नाही. पाऊस पडला, संघ चारदा हरला, की दारावरची पेटी हलकी होते. खर्च मात्र बांधलेला असतो. खेळाडूंचे पगार, प्रवास, मैदानाची डागडुजी कोणासाठी थांबत नाही. उत्पन्न वाऱ्यावर आणि खर्च दगडावर कोरलेला, अशी स्थिती असेल तेथे चांगल्या वर्षात चार पैसे मागे टाकणे हाच एक उपाय. पण चांगल्या वर्षात माणसाला वाटते, आणखी थोडे जोर लावले की वरची पायरी आलीच! मग खेळाडू हप्त्यांवर घेतले जातात आणि येत्या वर्षाचे उत्पन्न यंदाच खर्ची पडते.

१९५८ साली क्लबाने असाच एक मोठा खर्च अंगावर घेतला. दक्षिण इंग्लंडातील ऑल्डरशॉट येथे लष्करी कवायतींचा सोहळा होत असे. त्या सोहळ्यासाठी उभारलेला प्रेक्षकांचा एक स्टँड विक्रीस निघाला आणि स्टॅन्लीने तो १,४५० पौंडांना घेतला. किंमत ऐकून सौदा स्वस्त वाटतो. परंतु तो स्टँड उकलून देशाच्या दुसऱ्या टोकाला आणणे आणि पुन्हा उभा करणे, यांचा खर्च मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला. हत्ती विकत घेणे सोपे, त्याची पेंढी पुरवणे कठीण, हा अनुभव आपल्याकडील संस्थांनाही नवा नाही.

स्टँड उभा राहिला आणि त्यात बसणारे घटू लागले. याची कारणे क्लबाच्या हातची नव्हती. १९५८ सालीच लीगने उत्तर-दक्षिण गट मोडून सबंध देशाचे तिसरे आणि चौथे विभाग केले. शेजारच्या गावाशी होणारे सामने कमी झाले आणि दक्षिणेच्या लांब प्रवासाचे बिल वाढले. लँकेशायरचा कापडधंदा बसत चालला होता. १९५९ च्या कायद्याने तर जुने माग मोडीत काढण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला. घराघरांत टेलिव्हिजन आले. आणि ज्याला खेळच पाहावयाचा त्याला पूर्वेस काही मैलांवर बर्न्ली होते, पश्चिमेस तितक्याच अंतरावर ब्लॅकबर्न. बर्न्लीने १९६० साली लीगचे अजिंक्यपद मिळवले; त्याच वर्षी ब्लॅकबर्न करंडकाच्या अंतिम सामन्यात पोचले. त्याच वर्षी स्टॅन्ली मात्र चौथ्या विभागात घसरले. पुढच्या वर्षी, जानेवारी १९६१ मध्ये, खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला वीस पौंडांची कमाल मर्यादा उठली. खेळाडूंना न्याय मिळाला तो योग्यच होता. पण त्यामुळे श्रीमंत आणि गरीब क्लबांतले अंतर वाढले.

१९६२ च्या आरंभी कर्ज साठ हजार पौंडांच्या वर गेले होते आणि खेळाडूंच्या खरेदीचे हप्ते थकले होते. संचालकांनी शेजारच्या बर्न्ली क्लबाचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांना सल्ल्यासाठी बोलावले. मार्चच्या २ तारखेस क्रू येथे स्टॅन्ली चार गोलांनी हरले. पुढच्या आठवड्यात, आता मार्ग उरलेला नाही, असे मत पडून अध्यक्ष सॅम पिल्किंग्टन यांनी लीगचे चिटणीस ॲलन हार्डेकर यांच्या नावे राजीनाम्याचे पत्र पाठवले. पत्र गेल्यानंतर मदतीचे आश्वासन आले. तेव्हा पहिले पत्र मागे घेण्याची विनंती करणारे दुसरे पत्र गेले. लीगने ते मानले नाही. राजीनामा पोचला, तो स्वीकारला, प्रकरण संपले! एकेचाळीस वर्षांचे सभासदत्व एका टपालाने गेले.

त्या हंगामात स्टॅन्ली तेहतीस सामने खेळले होते : पाच जिंकले, आठ बरोबरीत सुटले, वीस हरले. हंगाम अपुरा राहिला म्हणून लीगने हे सारे निकाल तक्त्यातून काढून टाकले. चिखलात मारलेले गोल, थंडीत उभे राहून पाहिलेले सामने, हिशेबाच्या दृष्टीने झालेच नाहीत. रिकामी जागा पुढच्या हंगामात ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. स्टॅन्ली परगण्याच्या लहान स्पर्धेत आणखी काही वर्षे खेळले आणि १९६६ साली त्यांनी कायमची रजा घेतली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा क्लब कशाने मेला? धंदा बसला, प्रेक्षक फिरले, नियम बदलले, हे सारे खरे. पण हीच संकटे आसपासच्या रॉचडेल, बरी इत्यादी गावांच्या क्लबांवरही आली आणि त्यांनी ते दशक लीगमध्येच काढले. तेव्हा निर्णायक कारण दुसरे असले पाहिजे. आमच्या समजुतीप्रमाणे ते असे : क्लब गावाचा आहे असे सारे म्हणत, परंतु त्याची वही गावासमोर नव्हती. कायद्याने क्लब ही एक मर्यादित कंपनी होती. निर्णय संचालकांचे आणि मते भागधारकांची. चाहत्यांनी निधी जमवावा आणि शनिवारी ओरडावे, एवढेच त्यांचे काम. त्या काळी इंग्लंडातील चाहत्यांच्या मंडळांच्या महासंघाचे ब्रीदच मुळी 'मदत करावी, आड येऊ नये' अशा अर्थाचे होते. म्हणून स्टँड आणावा की नाही हे ठरताना गावाला विचारण्याची रीत नव्हती. ज्यांच्या जिव्हाळ्यावर संस्था उभी होती त्यांना तिचा आजार अखेरच्या आठवड्यात कळला. मदत आली ती पत्र टपालात पडल्यावर! महिनाभर आधी आली असती तर क्लब वाचलाच असता, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण निदान मरणाच्या खोलीत नातलग तरी हजर असते.

या कथेला एक शेपूट आहे. १९६८ साली गावातल्या कामगारांच्या एका क्लबात सभा भरली आणि त्याच नावाची नवी संस्था काढण्याचे ठरले. १९७० साली नवा संघ क्राउन ग्राउंड या दुसऱ्या मैदानावर, खालच्या पायरीपासून खेळू लागला. पायरी पायरी चढत तो २००६ साली लीगमध्ये पोचला. योगायोग असा की १९६२ साली जागा मिळालेले ऑक्सफर्ड युनायटेड त्याच वर्षी लीगमधून बाहेर पडले. २०१८ साली नव्या स्टॅन्लीने चौथ्या विभागाचे अजिंक्यपद मिळवून तिसरा विभाग गाठला, म्हणजे जुना क्लब १९६० साली जेथून घसरला होता तेथे अठ्ठावन्न वर्षांनी पाऊल ठेवले. कायद्याने ही संस्था वेगळी आहे. जुन्या क्लबाचे खाते बंद झाले ते झाले. पण नाव गावाकडे राहिले होते आणि ते पुन्हा उचलावयास गावाला परवानगीची गरज पडली नाही.

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली घातली आणि ती पुढे गावोगाव पसरली. मंडपात बसून व्याख्यान ऐकणारा श्रोता स्वतःला अशा संस्थेचा पाहुणा समजतो. वार्षिक सभेची सूचना फळ्यावर लागते, सभेला आठ-दहा माणसे येतात, जमाखर्च वाचला असे समजून मंजूर होतो आणि चहा होऊन मंडळी घरी जातात. ॲक्रिंग्टनची हकीकत ऐकल्यावर आमचे एवढेच मागणे आहे : आपल्या गावच्या वाचनालयाची, तालमीची वा या व्याख्यानमालेची पुढची वार्षिक सभा असेल त्या दिवशी आपण अर्धा तास लवकर यावे, आणि जमाखर्चाचा कागद खरोखरीच वाचून मागावा.