विश्लेषण : बोस्टनच्या नदीकाठी तिकिटाविना मैफल कशी रंगते?

उन्हाळ्यात अमेरिकेतील मुलांकडे गेलेल्या मराठी आई-वडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : शनिवार-रविवारी फिरणे होते, पण एरवीच्या संध्याकाळी काय करायचे? बोस्टनमध्ये याचे उत्तर चार्ल्स नदीच्या काठावर आहे. एस्प्लनेड नावाच्या तिथल्या लांबलचक उद्यानात ‘हॅच शेल’ हा खुला रंगमंच आहे. समोरच्या हिरवळीवर चादर अंथरायची आणि पूर्ण वाद्यवृंद ऐकायचा; तिकीट नाही. ही प्रथा १९२९ पासूनची आहे. ती टिकली कशी आणि एका रस्त्यामुळे तिला काय सोसावे लागले, हे मुंबईकरांनीही वाचण्यासारखे आहे.

मोफत मैफलीची सुरुवात कशी झाली?

आज जिथे लोक पाय पसरून बसतात, तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भरती-ओहोटीचे पाणी येत असे. ओहोटीला चिखल उघडा पडे आणि दुर्गंधी सुटे. १९१० मध्ये नदीवर धरण झाले, समुद्राचे पाणी अडले आणि शहराला गोड्या पाण्याचा शांत जलाशय मिळाला. काठ बसण्याजोगा झाला तो तेव्हापासून.

आर्थर फीडलर हे बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रातील वादक होते. ज्यांना सभागृहाचे तिकीट परवडत नाही, त्यांनाही हे संगीत ऐकायला मिळावे म्हणून त्यांनी देणग्या गोळा केल्या आणि ४ जुलै १९२९ रोजी नदीकाठी पहिली मैफल केली. रंगमंच लाकडी आणि तात्पुरता होता. पुढच्याच वर्षी ते ‘बोस्टन पॉप्स’ या लोकप्रिय वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि १९७९ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. आजचे पक्के हॅच शेल १९४० चे. मारिया हॅच यांनी आपल्या भावाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ते उभे राहिले.

उघड्यावर आवाज पोहोचतो कसा?

सभागृहात भिंती आणि छत आवाज परत श्रोत्यांकडे पाठवतात. मैदानात तो वर आणि मागे निसटून जातो. शेलचा अर्धघुमटासारखा आकार वादकांच्या मागे-वर जाणारा आवाज परावर्तित करून हिरवळीकडे वळवतो. पण हजारोंच्या गर्दीला तेवढे पुरत नाही, म्हणून ध्वनिक्षेपक लागतात. इथे एक गंमत आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे १०० मीटरवरच्या श्रोत्याला रंगमंचावरचा सूर सुमारे ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो, तर तारेतून जाणारा संकेत शेजारच्या ध्वनिक्षेपकापर्यंत तत्क्षणी पोहोचतो. दोन्ही जुळले नाहीत तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. त्यामुळे दूरच्या ध्वनिक्षेपकांचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात.

नदीचाही हातभार लागतो. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असेल, तर ध्वनिलहरी गार हवेकडे, म्हणजे खाली वळतात आणि पाण्यावरून लांबवर जातात. पलीकडच्या केंब्रिजच्या काठावर बसलेल्यांनाही त्याचा लाभ होतो.

तोफा कधी आल्या?

१९७४ मध्ये. ४ जुलैच्या मैफलीची गर्दी ओसरू लागली होती. तेव्हा डेव्हिड मुगर या उद्योजकाने फीडलर यांना सुचवले, की चायकोव्हस्कीची ‘१८१२’ ही रचना खऱ्या तोफा, चर्चच्या घंटा आणि आतषबाजीसह वाजवावी. रशियाने नेपोलियनला परतवल्याची आठवण सांगणारी रचना अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी का, असे कुणी विचारले तर उत्तर अवघड आहे. पण बेत जमला. १९७६ मध्ये, देशाच्या द्विशताब्दीला, तब्बल चार लाख लोक आले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. पुढे सुमारे चार दशके या सोहळ्याची आर्थिक जुळवाजुळव मुगर करत राहिले. ‘मोफत’ याचा अर्थ बिल दुसरे कुणीतरी भरते, एवढाच असतो.

रस्त्याचा वाद काय होता?

या कहाणीचा कडू भाग हेलन स्टॉरो यांच्या वाट्याला आला. त्यांनी पती जेम्स यांच्या स्मरणार्थ नदीकाठ विकसित करण्यासाठी दहा लाख डॉलर दिले. काठावरून महामार्ग नेण्याच्या प्रस्तावाला त्यांचा ठाम विरोध होता आणि तो प्रस्ताव मागेही पडला. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९४९ मध्ये विधिमंडळाने रस्त्याला मंजुरी दिली, १९५१ मध्ये तो सुरू झाला आणि त्याला नाव दिले गेले ‘स्टॉरो ड्राइव्ह’! गेलेल्या जमिनीच्या बदल्यात पाण्यात भराव टाकून नवी हिरवळ आणि छोटी तळी करण्यात आली. पण शहर आणि नदी यांच्यामध्ये वाहनांची भिंत उभी राहिली ती कायमची. मैफलीला जाणारे आज जो पादचारी पूल ओलांडतात, तो याच रस्त्यावरचा आहे. त्याला फीडलर यांचे नाव आहे. संथ सुरावट चालू असताना मागून गाड्यांची घरघर ऐकू येते, तीही याच रस्त्याची.

मुंबईच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. सागरी किनारा मार्गालगतचा विहारपथ ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. प्रियदर्शिनी पार्क ते वरळी या साडेसात किलोमीटरपैकी सव्वापाच किलोमीटरचा तो भाग होता. तिथेही समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये वेगवान रस्ता आहे आणि पलीकडे जायला पादचारी भुयारी मार्ग. अशा जागी रंगमंच बांधणे सोपे असते. बोस्टनचा अनुभव असा, की म्हातारी माणसे, बाबागाडी आणि चाकाची खुर्ची तिथपर्यंत सहज पोहोचते का, यावर गर्दी ठरते. मुंबईचा हंगामही उलटा. मे महिन्याच्या घामट संध्याकाळी उघड्यावर तीन तास कोण बसेल? इथे मैफल थंडीतलीच. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी. वर्षातून फार तर १५ दिवस राज्य सरकार ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते.

जायचे असेल तर?

४ जुलैचा हट्ट नसेल तर बुधवार निवडावा. २००१ मध्ये स्थापन झालेला ‘बोस्टन लँडमार्क्स ऑर्केस्ट्रा’ जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी संध्याकाळी हॅच शेलवर मोफत वाजवतो. गर्दी आटोक्यात असते, वादक दिसतात. जुलैच्या सुरुवातीला सूर्य मावळतो साडेआठच्या सुमारास, त्यामुळे पहिला भाग उजेडातच होतो. मेट्रोच्या लाल मार्गावरील चार्ल्स/एमजीएच किंवा हिरव्या मार्गावरील आर्लिंग्टन स्थानकावरून चालत जाता येते. गाडी नेण्याच्या फंदात पडू नये.

सोबत चादर किंवा घडीची खुर्ची, डासांचे मलम आणि पातळ स्वेटर हवा. नदीवरचा वारा अंधार पडल्यावर बोचतो. घरचा डबा चालतो, मद्य नाही. ४ जुलैला मात्र २०१३ च्या मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर कडक तपासणी असते. पाठीवरच्या पिशव्या आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. त्या दिवशी फक्त आतषबाजी पाहायची असेल, तर केंब्रिजचा काठ बरा. दारूकाम नदीतल्या तराफ्यांवरून होते आणि ते दोन्ही तीरांवरून दिसते.