ब्रिजटनचे स्त्री-ग्रंथालय

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या पूर्वभागात ब्रिजटन नावाची जुनी गिरणवस्ती आहे आणि तेथील लँड्रेसी स्ट्रीटवर, जेम्स रॉबर्ट ऱ्हाइंड या वास्तुविशारदाने रेखलेली व अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीतून १९०६ साली उघडलेली वाचनालयाची भारदस्त दगडी इमारत उभी आहे. तीत २०१३ पासून ‘ग्लासगो विमेन्स लायब्ररी’ ही संस्था नांदते. १९९१ मध्ये गार्नेटहिल भागातील एका दुकानवजा जागेत स्वयंसेविकांच्या हिमतीवर सुरू झालेल्या या संस्थेने मधल्या काळात अनेकदा बिऱ्हाड हलविले, परंतु तिचा संग्रह मुख्यतः लोकांनी आपणहून आणून दिलेल्या वस्तूंचा असल्यामुळे प्रत्येक स्थलांतरात दप्तर वाढतच गेले. मताधिकाराच्या चळवळीच्या खुणा, मोर्चांचे बिल्ले, पाककृतींच्या वह्या, विणकामाचे नमुने, मुलींसाठी निघणारी जुनी वार्षिके अशा ज्या जिनसा एरवी घराच्या आवराआवरीत रद्दीवाल्याच्या तराजूत पडावयाच्या, त्यांनाच येथे दस्तऐवजाची प्रतिष्ठा लाभली. आणि २०१५ साली हा संग्रह राष्ट्रीय महत्त्वाचा म्हणून रीतसर मान्य झाला.

तथापि संस्थेची खरी ओळख कपाटांपेक्षा रस्त्यावर पटते. शहराच्या निरनिराळ्या भागांतून तिच्या इतिहासफेऱ्या निघतात. स्वयंसेविका जुनी कागदपत्रे धुंडाळून मार्ग आखतात आणि श्रोत्यांना सोबत घेऊन त्या त्या वास्तूपुढे उभ्या राहून तिथली हकीकत सांगतात. थोर स्त्रियांच्या तसबिरींना हार घालण्याचा समारंभ कोणत्याही संस्थेस साधण्याजोगा आहे. जिने स्वतःविषयी एक ओळही लिहून ठेवली नाही, तिचीही आठवण त्याच आदराने काढावी, हा या ग्रंथालयाचा आग्रह मला अधिक मोलाचा वाटतो.

त्याची साक्ष फार दूर जाऊन शोधावी लागत नाही. ग्लासगो ग्रीन या विस्तीर्ण मैदानाच्या कडेला टेम्पल्टन गालिचा कारखान्याची इमारत आहे. व्हेनिसमधील डोजच्या प्रासादाच्या धर्तीवर विल्यम लीपर याने रचलेली तिची रंगीबेरंगी विटांची दर्शनी बाजू पाहून प्रवासी हरखून जातो. परंतु हीच भिंत बांधली जात असताना, १ नोव्हेंबर १८८९ रोजी, सोसाट्याच्या वाऱ्याने लगतच्या मागशाळेवर कोसळली आणि आत कामावर असलेल्या २९ विणकर स्त्रिया व मुली मृत्युमुखी पडल्या. भिंत पुन्हा उभारण्यात आली व वास्तुकलेच्या पुस्तकांत वाखाणली गेली. तिच्याखाली गेलेल्यांची नावे ऐकल्यावाचून त्या विटांचे कौतुक करणे निदान मला तरी जड जाते.

मताधिकाराच्या चळवळीचे स्मारक मात्र जिवंत आहे. केल्विनग्रोव्ह उद्यानात २० एप्रिल १९१८ रोजी, स्त्रियांना मर्यादित स्वरूपात का होईना मताचा हक्क मिळाला म्हणून, चळवळीतील संघटनांनी एक ओक वृक्ष लावला. त्याची शिफारस या ग्रंथालयाने केली आणि २०१५ मध्ये तो स्कॉटलंडचा त्या वर्षीचा मानकरी वृक्ष ठरला. एखाद्या झाडाचा वशिला ग्रंथालयाने लावावा, हा योग विरळाच.

ग्लासगोतील भाडेकरू स्त्रियांच्या लढ्याची कथा तर मुंबईच्या वाचकास परकी वाटू नये. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी मजुरांची रीघ लागली, तेव्हा घरमालकांनी भाडी वाढविली. आमच्या गिरणगावातील चाळींप्रमाणे दाटीवाटीने वसलेल्या तिथल्या इमारतींतील गृहिणींनी, गोवन भागातील मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने, वाढीव भाडे देण्याचे साफ नाकारले. बेदखलीचा हुकूम घेऊन बेलीफ जिन्याशी आला की घंटा वाजे, शेजारणी हातातले काम टाकून धावत आणि त्याच्यावर पिठाचा मारा होई. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी भाडेकरूंवरील दावे चालावयाचे होते, तेव्हा हजारोंचा जमाव कचेरीवर लोटला. वर्ष संपण्यापूर्वीच संसदेने भाडी युद्धपूर्व दरावर गोठविणारा कायदा संमत केला. बार्बरबाईंचा पुतळा मात्र गोवनमध्ये उभा राहण्यास २०१८ साल उजाडले. मुंबईतही १९१८ मध्ये त्याच जातकुळीचा युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा आला, आणि त्यातून पुढे कोर्टकज्ज्यांची जी परंपरा सुरू झाली, ती जुन्या भाडेकरूंस ठाऊकच आहे.