फलकावरची पांढरी रेघ

जालन्याहून भोकरदनकडे निघाले, की राजूरच्या गणपतीनंतर केदारखेडा लागते. या रस्त्यावरच कशाला, मराठवाड्यातल्या कुठल्याही फाट्यावर आज आपले स्वागत करतात ते फ्लेक्सचे फलक. वाढदिवस, निवड, लग्न, श्रद्धांजली. प्रसंग कोणताही असो, फलक रात्री सांगायचा आणि सकाळी तो उभा राहायला हवा. अशा वेळी तालुक्याच्या गावचे ते भले मोठे छपाईयंत्र अडून बसले, की दुकानदाराच्या पोटात गोळा येतो. दशक्रियेच्या फलकावर आजोबांच्या चेहऱ्यावरूनच पांढरी रेघ गेली, तर घरच्यांना तोंड कसे दाखवायचे? ‘हेड गेले, नवे टाका,’ असा सल्ला लगेच मिळतो. पण हेड हाच या यंत्रातला महागडा भाग. ते बदलण्याआधी रेघ काय सांगते, ते तरी ऐकावे!

या यंत्राचे काम तसे सोपे आहे. निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शायांवर सारी रंगपंचमी चालते. हेडच्या तळाशी केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. हेड आडवे धावत थेंब उडवते आणि फ्लेक्स इंचाइंचाने पुढे सरकते.

म्हणून पहिली गोष्ट, छिद्रांची चाचणी छापून पाहावी. एकाच रंगाच्या रेघा तुटत असतील, तर त्या रंगाची छिद्रे तुंबली आहेत. ती त्याच शाईला चालणाऱ्या द्रावणाने हळुवार धुवावीत. सुई किंवा खरखरीत कापड लावले, की हेड खरोखरच गेले. चाचणी स्वच्छ आहे, पण सगळ्याच रंगांत ठराविक अंतरावर पट्टे पडतात? मग दोष फ्लेक्स सरकवण्याच्या मापात आहे. अक्षरे दुहेरी दिसत असतील, तर हेडच्या जाण्या-येण्याचा मेळ चुकला आहे. हेड मध्येच हिसके देत असेल, तर त्याला जागा दाखवणारी पारदर्शक पट्टी शाईने माखली आहे का, ते पाहावे.

इतके करूनही तेच दुखणे फिरून आले, तर यंत्र सोडून खोलीकडे पाहावे. रस्त्याकडेचे उघडे शटर, आत येणारी धूळ, वर-खाली होणारा विजेचा दाब, नावापुरते अर्थिंग. त्यात आपला एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा! कोरड्या हवेत सरकणाऱ्या फ्लेक्सवर स्थिर वीज साचते आणि थेंब भलतीकडे उडून अक्षरांच्या कडा फुटतात. हवेतली आर्द्रता चाळीस ते साठ टक्के राखली आणि अर्थिंग नीट केले, तर पुष्कळ तक्रारी आपोआप मिटतात. मात्र धूळ नको म्हणून खोली गच्च बंद करणेही बरे नव्हे. या शायांची वाफ डोके दुखवते, घसा जाळते, शिवाय ती पेट घेते. वाफ बाहेर फेकणारा पंखा हवाच, कारण रात्रभर तिथे उभा असलेला मुलगाही कुणाच्या तरी घरचा आहे.

छपाईतली अडचण मुळापर्यंत जाऊन सोडवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मराठी पंचांग छापले. छापखान्याचे तंत्र ते पाहून-पाहून शिकले, शाईही स्वतः केली. शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पंचांगाला शिवेनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई बनवली, असे सांगतात. दोष यंत्रात नाही, शाईत आहे, हे त्यांनी ओळखले.

आज यंत्र संगणकावर चालते, पण रीत तीच. आधी पाहावे, मग विचारावे, शेवटी हात लावावा. हेडचे पैसे तर वाचतातच. आजोबांचा चेहराही स्वच्छ उमटतो.