ओकाच्या चवीची बिअर व आपली ज्वारी

ओकाच्या लाकडात मुरविलेली इंग्रजी धर्तीची कडवट बिअर आम्ही पुण्यास चाखून पाहिली. (दाम ऐकूनच अर्धी नशा उतरली!) आरंभी कडू, परंतु निंबासारखी नव्हे, मागून व्हॅनिलाचा मंद वास. कडूपणा हॉप नामक वेलीच्या फुलांचा, वास लाकडाचा. मद्य मात्र मोड आणून वाळविलेल्या जवाचे. त्या धान्याचे नाव कोणी काढीत नाही. नायजेरियाने १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद करताच तेथील कारखाने ज्वारीकडे वळले. मानवतकडील खरीप ज्वारी काढणीच्या पावसात भिजून काळी पडते व मातीमोल विकते. काळ्या दाण्यास मोडही धड येत नाहीत. माल्टवाल्याशी भाव बोलण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून तिसऱ्या दिवशी मोड मोजावेत.