तारीख बारशाला, मुदत पावलाला

“रांगायला लागला का गं?”

बाळाला बघायला आलेली मावशी पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारते आणि आईचा चेहरा उतरतो. शेजारची छकुली सातव्या महिन्यातच घरभर रांगत होती. हा मात्र आठ पुरे होऊन नववा लागला तरी बसल्या बसल्या, बूड घासतच पुढे सरकतो. मावशीच्या मनात काही नसतं. आईच्या मनात मात्र रात्रभर तोच प्रश्न घोळत राहतो.

आपल्याकडे बाळाचं पहिलं वर्ष समारंभांनी बांधलेलं असतं. बाराव्या दिवशी बारसं, सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण, संक्रांत आली की बोरन्हाण, मग पहिला वाढदिवस. समारंभाला तारीख लागतेच. हळूहळू आपण बाळाच्या बसण्या-चालण्यालाही तशीच तारीख लावू लागतो. बाळाचं शरीर मात्र तारखेने चालत नाही, त्याला मुदत असते. ही मुदत चांगली ऐसपैस असते.

ती किती ऐसपैस, हे जागतिक आरोग्य संघटनेने मोजून पाहिलं आहे. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांची चौथ्या महिन्यापासून नियमित पाहणी झाली. भारतातली मुलं दिल्लीची होती. 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिन्यांत कधीही जमू शकतं. हात-गुडघ्यांवर रांगणं 5.2 ते 13.5 महिन्यांत, तर कुणाचाही हात न धरता चालणं 8.2 ते 17.6 महिन्यांत. म्हणजे चालण्याच्या बाबतीत दोन निरोगी मुलांमध्ये नऊ महिन्यांचं अंतर असू शकतं. शंभरातली सुमारे चार मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती आपापल्या वाटेने थेट उभी राहिली आणि चालू लागली.

एवढा फरक का पडतो? पाऊल टाकायला पायांत बळ हवं, तोल हवा, जमिनीवर मोकळं सोडणारं घर हवं आणि पुढची वस्तू गाठायची ओढही हवी. त्या काळात शरीरही झपाट्याने बदलत असतं. वर्षभरात वजन जन्माच्या वेळेपेक्षा साधारण तिप्पट होतं आणि उंची सुमारे 25 सेंटीमीटरने वाढते. आज साधलेला तोल महिन्याभराने वेगळ्याच शरीरावर पुन्हा साधावा लागतो.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी हे उतारांवर तपासून पाहिलं. रांगण्यात मुरलेली बाळं तीव्र उताराच्या कडेशी थांबायची. तीच बाळं नव्याने चालू लागली की त्याच उतारावरून बिनधास्त पाऊल टाकायची. रांगताना आलेली समज चालताना उपयोगी पडत नव्हती, ती पहिल्यापासून कमवावी लागत होती. म्हणूनच घरात बाळाला पाय फुटले की पायऱ्या आणि पलंगाच्या कडा नव्याने सांभाळायला हव्यात. अ‍ॅडॉल्फ यांच्याच 2012 सालच्या अभ्यासात 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी 2,368 पावलं टाकत होती आणि 17 वेळा पडत होती. आपण ज्या एका पावलाला टाळ्या वाजवतो, त्याच्या आगेमागे एवढी मेहनत असते.

बोलण्याचंही तसंच. ‘आई’ हा शब्द वर्षाच्या आसपास येतो, पण कानांचा अभ्यास किती आधी सुरू झालेला असतो! कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा 1984 सालचा प्रयोग आपल्याला फार जवळचा आहे. त्यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक सहसा कळत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फार थोड्यांना कळला. जे आवाज घरात कानावर पडतात त्यांच्यासाठी मेंदू तयार होतो, जे पडत नाहीत त्यांच्यावरचं लक्ष तो काढून घेतो. बाळाला तेल लावताना आजी जे बोलत असते, न्हाऊ घालताना जे गुणगुणते, त्यातून त्याचे कान मराठी होत असतात. त्या बोलण्याला अजून उत्तर मिळत नाही, म्हणून ते वाया जात नाही.

मुदत मोठी आहे म्हणून डोळेझाक मात्र नको. नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय बसता येत नसेल, दीड वर्षात पाऊल पडलं नसेल, आवाजाकडे मान वळत नसेल किंवा आधी जमणारी गोष्ट जमेनाशी झाली असेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय अशा वेळी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. आणि काही तारखा पाळायच्याच असतात. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या आणि नवव्या महिन्याच्या लसी वेळेवर द्यायला हव्यात. सहा महिने पुरे झाले की दुधाच्या जोडीला मऊ वरचं अन्न सुरू करायला हवं, कारण जन्मतः मिळालेला लोहाचा साठा तोवर संपत आलेला असतो. मध मात्र वर्ष होईपर्यंत बोटभरही चाटवू नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

म्हणून मावशीच्या प्रश्नावर आईने शांतपणे सांगावं, “नाही अजून. पण बसतो छान, आणि हवं तिथे पोचतो.” तोवर त्याने मावशीच्या पिशवीचा बंद दोन्ही हातांनी ओढायला घेतलेलाही असेल. खोलीच्या त्या टोकापासून तो इथवर कसा आला, हे गप्पांच्या नादात कुणी पाहिलेलंच नसेल.